गंभीर फ्लूवर प्रतिपिंडे कमी का पडतात?

1918च्या साथीत फ्लूवर औषधच नव्हते. बऱ्या झालेल्यांच्या रक्तात प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूला चिकटून अडवणारी प्रथिने असतात. त्यामुळे त्यांचे रक्त किंवा रक्तद्रव (रक्ताचा पेशी वगळलेला द्रव भाग) अत्यवस्थ रुग्णांना देऊन पाहिले गेले. त्या काळातील आठ अभ्यासांची, एकूण 1,703 रुग्णांची आकडेवारी 2006 मध्ये एकत्र मांडली गेली. उपचार मिळालेल्यांपैकी 16 टक्के दगावले होते, न मिळालेल्यांपैकी 37 टक्के. न्यूमोनिया होऊन चार दिवस उलटण्याआधी रक्त मिळालेल्यांत मृत्यू 19 टक्के, त्यानंतर मिळालेल्यांत 59 टक्के. पण कोणाला रक्त द्यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरलेले नव्हते, म्हणून या आकड्यांवर फार भार टाकता येत नाही. तरीही वेळेचा तो फरक लक्षात ठेवायला हवा.

आता रक्तद्रव देण्याआधी त्यातील प्रतिपिंडे मोजतात. रक्तद्रव 1:10, 1:20, 1:40 असे पातळ करत जायचे, त्यात ठरावीक विषाणू आणि मग कोंबडीच्या किंवा टर्कीच्या तांबड्या पेशी घालायच्या. विषाणू मोकळा असेल तर पेशी एकमेकींना चिकटून पसरट जाळे होते. प्रतिपिंडांनी त्याला अडवले असेल तर पेशी तळाशी बसून गोल ठिपका दिसतो. ज्या शेवटच्या पातळीपर्यंत ठिपका टिकतो, तो टायटर. अमेरिकेत झालेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काही रुग्णांना 1:80 किंवा जास्त टायटरचे रक्तद्रव दिले, बाकीच्यांना 1:10 किंवा कमी. सातव्या दिवशी दोन्ही गटांची अवस्था सारखीच होती आणि लाभाची शक्यता न दिसल्याने चाचणी मध्येच थांबवली. त्याच वर्षी 308 रुग्णांवरील दुसऱ्या चाचणीत प्रतिपिंडांचे शुद्ध, तीव्र मिश्रण देऊनही एकंदर फरक पडला नाही.

याचे मोठे कारण घड्याळात आहे. विषाणूंची संख्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच शिखर गाठते. रुग्ण ऑक्सिजनवर येईतो नुकसान दाहाने आणि मागोमाग आलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियाने होत असते, आणि ते प्रतिपिंड भरून काढू शकत नाही. शिवाय शिरेतून दिलेल्या प्रतिपिंडांचा थोडाच अंश श्वासमार्गाच्या अस्तरावर पोहोचतो. रक्तात भरपूर असले, तरी विषाणू वाढतो तिथे ते तुटपुंजे असू शकते. रक्तद्रवाचे धोकेही आहेत: ॲलर्जी, फुप्फुसांना तीव्र इजा, शरीरात द्रवाचा अतिभार. आधीच धाप लागलेल्या माणसाला ते परवडत नाहीत.

मग प्रयोगशाळेत घडवलेली मोनोक्लोनल, म्हणजे सगळी एकाच साच्याची प्रतिपिंडे? विषाणूवरील हिमॅग्लुटिनिन प्रथिनाचा आकार अळंबीसारखा असतो. त्याचे डोके दरवर्षी बदलते, दांडा फारसा बदलत नाही, म्हणून संशोधक दांड्याच्या मागे लागले. दांड्याचे प्रतिपिंड विषाणूला पेशीला चिकटण्यापासून रोखत नाही, म्हणून वरच्या ठिपक्याच्या चाचणीत ते दिसतही नाही. ते विषाणू पेशीत शिरल्यानंतर त्याचे आवरण पेशीच्या पटलात मिसळू देत नाही आणि बाधित पेशीवर शरीराच्या मारेकरी पेशींसाठी खूण करते. कल्पना भक्कम होती. पण अशा एका प्रतिपिंडाचे 3,600 किंवा 8,400 मिलिग्रॅम ऑसेल्टामिवीर या विषाणूरोधक औषधाच्या जोडीला देऊनही रुग्णांचा ऑक्सिजन लवकर सुटला नाही. दुसरे एक प्रतिपिंड सुमारे 3,000 निरोगी प्रौढांना प्रतिबंधासाठी 1,200 मिलिग्रॅमपर्यंत टोचले गेले. 2023 मध्ये तेही उद्दिष्ट गाठू शकले नाही.

म्हणून आज दवाखान्यात पहिली पावले साधीच आहेत: मूत्रपिंडे ठीक असलेल्या प्रौढाला ऑसेल्टामिवीर 75 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस, शक्यतो लक्षणे दिसल्यापासून पहिल्या 48 तासांत. दाखल करावे लागलेल्या रुग्णाला अहवालाची वाट न पाहता, 48 तास उलटले असले तरी.

मला आशा वाटते ती न्युरामिनिडेझ या दुसऱ्या प्रथिनाला धरणाऱ्या प्रतिपिंडांची. ती नव्या विषाणूंना पेशीतून सुटू देत नाहीत. त्यांची खरी गरज असलेला रुग्णही ठरावीक आहे: प्रत्यारोपण किंवा रक्ताच्या कर्करोगामुळे स्वतःची प्रतिपिंडे न बनवू शकणारा, ज्याच्या शरीरात विषाणू आठवडेच्या आठवडे वाढत राहतो. तिथे उपचारासाठी वेळही मिळतो. मात्र तिथेच विषाणूला बदलायलाही सवड असते, त्यामुळे एकट्या प्रतिपिंडावर विसंबण्यापेक्षा दोन वेगवेगळ्या जागा धरणारी प्रतिपिंडे, सोबत विषाणूरोधक औषध, असा मारा तपासणे अधिक शहाणपणाचे.