सिनेमा तळहातावर मावतो कसा

मोठी व्हिडिओ फाइल फोनसाठी लहान करायची, तर आधी डोळ्याला किती बारीक दिसते ते मोजू. मोबाइल आपण डोळ्यांपासून साधारण ३० सेंटिमीटरवर धरतो. दोन ठिपके वेगळे ओळखू यायला निरोगी डोळ्याला त्यांच्यात निदान एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन लागतो. डोळे तपासताना वाचायला देतात तो अक्षरांचा तक्ताही याच मापावर बेतलेला असतो. ३० सेंटिमीटरवर हा कोन भरतो जेमतेम ०.०८७ मिलिमीटर. ठिपके याहून दाटीने बसवले, तर डोळा ते एकत्रच पाहतो.

आता साडेसहा इंची, २०:९ प्रमाणाचा उंचेला फोन घ्या. उभा धरला तर त्याच्या पडद्याची रुंदी सुमारे ६८ मिलिमीटर, आणि आडवा सिनेमा तेवढ्याच रुंदीत बसवला जातो. ६८ ला ०.०८७ ने भागा: उत्तर ७८० च्या आसपास. म्हणजे उभ्या फोनवर चित्राच्या रुंदीत ७८० ठिपके, म्हणजेच पिक्सेल, झाले की डोळ्याची भूक भागली. फोन आडवा केला की चित्र १२० मिलिमीटर रुंद होते आणि गरज १,३८० पिक्सेलवर जाते. पहिल्या गरजेला ८५४×४८० ची फाइल पुरून उरते, दुसरीला १२८०×७२० ची जवळजवळ पुरते. तीक्ष्ण नजरेच्या माणसाला याहून थोडे अधिक दिसेल, चाळिशी लागलेल्याला चष्म्याविना बरेच कमी. पण ३८४० पिक्सेल रुंदीची ४के फाइल फोनमध्ये भरून ठेवणे ही निव्वळ साठेबाजी आहे, हे या भागाकारावरून कळते. फोनच्या पडद्यावर प्रत्यक्षात किती पिक्सेल आहेत, हा प्रश्न त्यानंतरचा.

मग मोठी फाइल लहान करायची कशी? त्यासाठी ती मुळात कशी बनते ते पाहावे लागते. फुल एचडीच्या एका फ्रेममध्ये १९२०×१०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल असतात. प्रत्येकाला तांबडा, हिरवा आणि निळा मिळून तीन बाइट. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर दोन तासांच्या चित्रपटाला सुमारे १,०७५ जीबी जागा लागेल. आपल्याकडे येणारी फाइल मात्र दोन-चार जीबीची असते. म्हणजे आपण तिला हात लावण्याआधीच ती काही शे पटींनी आकसलेली आहे. आपण करतो ती दुसरी काटछाट. म्हणून पहिलीत काय गेले हे माहीत असलेले बरे.

सगळ्यात आधी जातो रंग. डोळ्याला उजेड-अंधाराचा फरक बारकाईने कळतो, रंगाचा तितका कळत नाही. म्हणून प्रत्येक पिक्सेलची उजळता स्वतंत्र नोंदवतात, पण रंग मात्र शेजारच्या चार पिक्सेलांना मिळून एकच देतात. एवढ्यानेच माहिती निम्म्यावर येते आणि बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

खरी करामत पुढची. चित्राचे लहान चौकोन पाडतात, समजा ८×८ पिक्सेलांचे. त्या ६४ पिक्सेलांच्या उजळता जशाच्या तशा न लिहिता, तो चौकोन ६४ ठरावीक नक्ष्यांच्या मिश्रणातून बनवायचा झाला तर कोणती नक्षी किती घ्यावी लागेल, ते लिहितात. पहिली नक्षी सपाट, पुढच्या हळूहळू बदलणाऱ्या, शेवटच्या अगदी बारीक चौकटींच्या. आकडे आधीही ६४ होते, नंतरही ६४. मग साधले काय? आकाश, भिंत, गाल अशा नेहमीच्या चित्रांत सगळे वजन पहिल्या काही नक्ष्यांवरच पडते. उरलेले आकडे शून्याजवळ असतात, ते शून्यच धरले तरी डोळा तक्रार करत नाही. या पद्धतीला डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म म्हणतात. विद्युत अभियंते नसीर अहमद यांनी १९७२ मध्ये या कामासाठी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे पैसे मागितले होते. ते मिळाले नाहीत. एका परीक्षकाला कल्पना फारच साधी वाटली होती, असे अहमद यांनी पुढे लिहून ठेवले आहे. तरीही त्यांनी काम सोडले नाही, आणि टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये शोधनिबंध छापला. जेपेग छायाचित्रांपासून आजच्या मोबाइलवरच्या व्हिडिओपर्यंत सगळे या 'साध्या' कल्पनेवर उभे आहे.

तिसरी बचत काळातली. लागोपाठच्या दोन फ्रेममध्ये सहसा फारसे काही बदलत नाही, म्हणून पूर्ण चित्र अधूनमधूनच साठवतात. बाकीच्या फ्रेममध्ये फक्त 'हा तुकडा तिकडे सरकला' अशा सूचना आणि उरलेला किरकोळ फरक. व्हिडिओ पुढे ढकलताना तो कधी कधी आपण बोट ठेवले तिथे न थांबता थोडा अलीकडे थांबतो, कारण त्याला जवळचे पूर्ण चित्र गाठावे लागते.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. खुर्चीत बसून बोलणाऱ्या माणसाचा व्हिडिओ स्वस्तात साठतो. पाऊस, लाटा, उडणारे कागदाचे कपटे, हातात थरथरणारा कॅमेरा हे सगळे महागडे, कारण तिथे प्रत्येक तुकडा वेगळीकडे सरकतो. म्हणून 'बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती माहिती खर्चायची, तो किती ठेवू?' या प्रश्नाला सगळ्या व्हिडिओंसाठी एक उत्तर नसते. त्यापेक्षा दर्जा ठरवून द्यावा आणि आकार जो होईल तो होऊ द्यावा. हँडब्रेक किंवा एफएफएमपेग या मोफत साधनांत एच.२६४ या व्हिडिओ आकसवायच्या पद्धतीसाठी वापरतात त्या एक्स२६४ एन्कोडरमध्ये, म्हणजे फाइल बांधणाऱ्या प्रोग्राममध्ये, याला सीआरएफ म्हणतात. त्याची पट्टी ० ते ५१, मूळ ठेवण २३. आकडा ६ ने वाढवला की फाइल ढोबळमानाने निम्मी होते. फोनसाठी २३ ते २६ मध्ये कुठेही थांबावे, असे माझे मत. धुके किंवा अंधाऱ्या खोलीचे प्रसंग असतील तर २३ कडे झुकावे. अंधारातल्या सौम्य छटांचेच सगळ्यात आधी पट्टे पडतात.

पण त्याही आधी, रूपांतर मुळात हवे आहे का? फोनवर फाइल चालत नाही म्हणून लोक तासभर संगणक तापवतात, आणि दोष चित्रात नसतोच. एमपी४, एमकेव्ही, ३जीपी ही नावे डब्यांची आहेत. आतला पदार्थ, म्हणजे एच.२६४ किंवा एचईव्हीसी यांसारख्या कोडेकने (आकसवायच्या आणि उलगडायच्या पद्धतीने) बांधलेले चित्र, ही वेगळी गोष्ट. फोनला नुसता डबा उघडता येत नसेल तर पदार्थ न शिजवता दुसऱ्या डब्यात काढता येतो. एफएफएमपेगमध्ये त्याला 'कॉपी' करणे म्हणतात. काम फाइलची नक्कल करण्याइतक्या वेळात होते आणि दर्जा तसूभरही घटत नाही. फाइलच्या नावातली शेवटची अक्षरे बदलून मात्र काहीच साधत नाही.

रूपांतर करायचेच ठरले, तर सॉफ्टवेअर आधी सगळी गाठोडी सोडते, पूर्ण फ्रेम तयार करते, त्या लहान करते आणि पुन्हा नव्याने बांधते. पहिल्या बांधणीत पडलेले डाग आणि चित्रातला खरा तपशील यांतला फरक दुसऱ्या बांधणीला कळत नाही. ती डागही इमानेइतबारे जपत बसते. मेसेजमधून फिरत फिरत आलेला व्हिडिओ शेवटी चिखलासारखा का दिसतो, त्याचे कारण हेच. म्हणून जवळ असलेल्या सर्वांत चांगल्या प्रतीवरून, एकदाच.

फ्रेम लहान करणे वाटते तितके सोपे नाही. १९२० चे ६४० करायचे म्हणजे दर तीनांतले दोन पिक्सेल टाकून द्यायचे, असे केले तर चौकड्याच्या शर्टावर नसलेल्या लाटा दिसू लागतात आणि तिरक्या कडा दातेरी होतात. आधी चित्र हलकेच पुसट करून, शेजाऱ्यांची सरासरी घेऊन मगच पिक्सेल कमी करावे लागतात. सॉफ्टवेअरच्या यादीत 'बायक्यूबिक', 'लँक्झॉस' अशी नावे दिसतात ती याच कामाच्या वेगवेगळ्या रीती. शंका असेल तर दुसरी निवडा.

चांगल्या रीतीनेही काही गोष्टी हरवतातच. फ्रेममध्ये ६० मीटर रुंदीचे मैदान दिसत असेल, तर सुमारे ७.२ सेंटिमीटर व्यासाचा क्रिकेटचा चेंडू १९२० पिक्सेलांत २.३ पिक्सेलांचा असतो. ६४० पिक्सेलांत तो पाऊण पिक्सेल उरतो, आणि सरासरीत हिरवळीत मिसळून जातो. खेळाचा व्हिडिओ म्हणून ७२० ओळींच्या, म्हणजे १२८०×७२० च्या, खाली आणू नये आणि त्याच्या फ्रेमही कमी करू नयेत. फळ्यावरचे व्याख्यान असेल तर उलटा हिशेब: रिझोल्यूशन, म्हणजे पिक्सेलांची संख्या, राखा, पण सेकंदाला १५ फ्रेम खुशाल चालतील. फळ्याला कुठे पळायचे असते?

अक्षरांचे दुखणे तर वेगळेच. उभ्या फोनवर चित्राची उंची उरते ३८ मिलिमीटर. १०८० ओळींत ५० ओळी उंच असलेली उपशीर्षके तिथे पावणेदोन मिलिमीटरची होतात. रोमन अक्षरे एवढ्यात कशीबशी वाचता येतात. देवनागरीला त्याच जागेत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकारही बसवायचे असतात. त्यामुळे उपशीर्षके चित्रात कायमची कोरू नयेत. ती स्वतंत्र ट्रॅक म्हणून ठेवावीत, म्हणजे प्लेअरमध्ये हवी तेवढी मोठी करता येतात.

कोडेक निवडताना फाइलचा आकार एवढेच बघून चालत नाही. एच.२६४ हे मानक २००३ चे. २०१३ चे एचईव्हीसी तोच दर्जा साधारण निम्म्या जागेत देते, आणि २०१८ चे एव्ही१ त्याच्याही पुढे जाऊ पाहते. पण फोन व्हिडिओ उलगडतो तो त्याच कामासाठी बनवलेल्या सर्किटवर, अगदी थोड्या विजेत. निवडलेल्या कोडेकचे सर्किट चिपमध्ये नसेल तर ते ओझे मुख्य प्रोसेसरवर पडते. फोन तापतो, बॅटरी उतरते, चित्र अडखळते. एच.२६४ मध्येही १० बिटची, म्हणजे छटा अधिक बारकाईने नोंदवणारी, फाइल असेल तर हाच अनुभव येतो, कारण बहुतेक फोनची सर्किटे ८ बिटचेच एच.२६४ ओळखतात. फोन कोणाचा आणि कोणता हे ठाऊक नसेल तर ८ बिट एच.२६४, एमपी४ डब्यात. एकेकाळी फोनवर १७६×१४४ पिक्सेलांच्या ३जीपी फाइल चालत. फुल एचडी फ्रेम त्यांच्या जवळजवळ ८२ पट मोठी, आणि तरीही लोक त्या आवडीने बघत.

आवाजाकडे बहुधा कोणी बघतच नाही, आणि फोनवर सिनेमा अर्ध्यात सोडून द्यायचे कारण अनेकदा तोच असतो. चित्रपटाचा ५.१ आवाज सहा वाटांनी येतो आणि संवाद बहुतेक मधल्या वाटेवर असतात. त्यांचे दोन वाटांचे स्टिरिओ करताना मिश्रण फाटू नये म्हणून एकूण पातळी खाली आणतात. मग स्फोट कान फोडतो आणि कुजबूज ऐकूच येत नाही. इवल्याशा स्पीकरवर तर स्फोटातला खर्जही उमटत नाही, नुसता कर्कशपणा उरतो. उपाय दोन: मिश्रणात मधल्या वाटेचा वाटा वाढवायचा, आणि मोठे व लहान आवाज एकमेकांच्या जवळ आणायचे. हँडब्रेकमध्ये दुसऱ्या कामाला डीआरसी नावाची सोय आहे, पण ती मुळात डॉल्बी डिजिटलमध्ये असलेल्या आवाजालाच लागू पडते. बाकी फाइलींसाठी एफएफएमपेगचे फिल्टर वापरावे लागतात. इथे जागा वाचवायच्या फंदात पडू नये. दोन तासांच्या चित्रपटाला सेकंदाला १ मेगाबिट दराने चित्राचे ९०० एमबी लागतात, तर एएसी या आवाजाच्या कोडेकमधल्या ९६ किलोबिटच्या स्टिरिओ आवाजाचे फक्त ८६. आवाज निम्म्यावर आणला तरी वाचतील ४३ एमबी, आणि सीआरएफ एकाने वाढवला तर चित्रातच त्याहून अधिक सुटतील.