चुलीपाशी मोजलेली हवा : कर्क स्मिथ यांचे संशोधन

१९८१ साली गुजरातमधील चार गावांत छत्तीस स्त्रियांच्या अंगावर, त्या स्वयंपाकाला बसल्या असताना, हवेचा नमुना घेणारी छोटी उपकरणे लावण्यात आली. श्वास जिथून घेतला जातो तिथलीच हवा पंपाने ओढून गाळणकागदातून जात होती आणि कागदाचे वजन किती वाढले यावरून धुरातील कणांचे प्रमाण काढले जात होते. चुलीत लाकूडफाटा, गोवऱ्या आणि पिकांचे काड जळत होते. सरासरी निघाली ती घनमीटरमागे जवळजवळ ७ मिलिग्रॅम. हवेचे प्रदूषण ही शहरांची बाब मानली जाण्याच्या त्या काळात हा आकडा धक्कादायक होता. होनोलुलूच्या ईस्ट-वेस्ट सेंटरमध्ये काम करणारे कर्क स्मिथ आणि त्यांचे भारतीय सहकारी ए. एल. अगरवाल व आर. एम. दवे यांनी तो १९८३ मध्ये प्रसिद्ध केला.

स्मिथ हे ऊर्जा आणि आरोग्य यांच्या परस्परसंबंधाचे अभ्यासक होते. धुराड्यातून किती धूर बाहेर पडला यापेक्षा त्यातला किती माणसाच्या फुप्फुसात गेला, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर लावून धरला. घराबाहेर सोडलेल्या प्रदूषकाच्या तुलनेत घरात सोडलेले तेवढेच प्रदूषक कुणाच्या तरी श्वासात जाण्याची शक्यता सुमारे हजारपट असते, असा त्यांचा ढोबळ नियम होता. उंच धुराड्याच्या वीजकेंद्रापुढे चूल नगण्य वाटते खरी, पण ती पेटते तिथेच, हातभर अंतरावर बाई बसलेली असते आणि बहुधा तिच्या कडेवर मूल असते.

या धुराने आजार होतो हे सिद्ध करणे मात्र सोपे नव्हते. चूल असलेले घर बहुधा गरीबही असते; मग मुलाला न्यूमोनिया झाला तो धुराने की कुपोषणाने, हे वेगळे कसे काढायचे? त्यासाठी स्मिथ यांनी औषधांच्या चाचणीची रीत चुलीला लावली. ग्वाटेमालातील सान मार्कोस भागातल्या डोंगराळ वस्त्यांमध्ये, गरोदर स्त्री किंवा तान्हे मूल असलेली सुमारे ५३० घरे घेऊन, निम्म्या घरांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने धुराडे असलेली चूल देण्यात आली. उरलेल्या घरांत उघडा विस्तव तसाच राहिला आणि अभ्यास संपल्यावर त्यांनाही चूल मिळाली. कार्यकर्ते आठवड्याला घरोघर जाऊन मुलांना तपासत, संशय आला की डॉक्टरांकडे पाठवत.

निष्कर्ष २०११ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. स्वयंपाकघरातील कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे धुरातला विषारी वायू, सुमारे ९० टक्क्यांनी उतरला होता, पण मुलांच्या वाट्याला येणारा मात्र निम्म्यावरच थांबला होता. डॉक्टरांनी निदान केलेला न्यूमोनिया कमी दिसला, तरी तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. रक्तातील प्राणवायू घटण्याइतका गंभीर न्यूमोनिया मात्र साधारण एक तृतीयांशाने घटला. माझ्या मते स्मिथ यांच्या कारकिर्दीतला सर्वांत महत्त्वाचा धडा या अर्ध्या यशात आहे. धूर आणि आजार यांचा आलेख सरळ रेषेत चढत नाही. धूर कमी असतो तिथे तो झपाट्याने चढतो आणि दाट धुरात सपाट होत जातो. म्हणून फार धुराच्या घरातला निम्मा धूर काढूनही आजार निम्मा होत नाही.

याचा अर्थ सुधारित चुलींच्या कार्यक्रमांना अडचणीचा होता. महाराष्ट्रातही निर्धूर चुली घरोघर बसवल्या गेल्या होत्या. स्मिथ यांचे म्हणणे होते की गरिबाच्या हाती असलेले इंधन स्वच्छ जाळण्याची खटपट करण्यापेक्षा स्वच्छ इंधनच त्याच्या हाती द्यावे. गरिबांच्या स्वयंपाकासाठी द्रवरूप पेट्रोलियम वायू वापरण्यात गैर काही नाही, असे त्यांनी २००२ मध्येच ‘सायन्स’ या नियतकालिकात लिहिले होते, आणि हा वायू खनिज इंधन असल्याने हवामानबदलाच्या अभ्यासकांमध्ये असे लिहायला धैर्य लागते. भारतात २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली, तेव्हा तिचे त्यांनी मनापासून स्वागत केले.

तरीही जोडणी म्हणजे वापर नव्हे, हे ते विसरले नाहीत. गॅस आला तरी आंघोळीचे पाणी चुलीवर तापते आणि भाकरीही तिथेच भाजली जाते. विचारले की माणसे बरे वाटेल ते उत्तर देतात, म्हणून त्यांच्या चमूने चुलीला बटणाएवढे तापमापक चिकटवून ती प्रत्यक्षात किती वेळा पेटते हे नोंदवले. २०१९ च्या एका शोधनिबंधात ते आणि त्यांचे सहलेखक यांनी दाखवले की घरगुती इंधनांचे उत्सर्जन पूर्ण थांबले, तर सूक्ष्म कणांची देशाची सरासरी पातळी घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम या भारतीय मानकाच्या आत येऊ शकते. म्हणजे चुलीचा धूर गावाची आणि शहराची हवाही बिघडवतो.

स्मिथ २०२० च्या जूनमध्ये गेले. भारतासह चार देशांत (भारतात तमिळनाडूत) झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष त्यानंतर आले. चुलीवरच स्वयंपाक करणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या श्वासातील सूक्ष्म कण घनमीटरमागे सुमारे ७० मायक्रोग्रॅम होते, तर गॅस मिळालेल्यांच्या श्वासात ते २४ होते, पण बाळांच्या जन्मवजनात लक्षणीय फरक पडला नाही. जागतिक आरोग्य संघटनेची वार्षिक मर्यादा ५ आहे. उरलेले कण शेजारच्या चुलींतून, कचऱ्यातून, रस्त्यावरून किती येतात आणि गॅस गरोदरपणाच्या आधीपासून घरात असता तर काय झाले असते, हे प्रश्न त्यामुळे आता संशोधकांपुढे आहेत.