निकेल समन्वेषणातील ड्रिलिंग-निकालांवरील सट्टा

खनिजाचा शोध घेणाऱ्या, पण स्वतःची चालती खाण नसलेल्या लहान कंपनीच्या ड्रिलिंगमध्ये काय लागेल याचा अंदाज बांधून तिचे शेअर निकालापूर्वी घेण्याची व निकालाच्या सुमारास विकण्याची प्रथा. अशा कंपन्यांना ज्युनियर कंपन्या म्हणतात. त्यांचे मुख्य बाजार ऑस्ट्रेलिया व कॅनडात असून परदेशी पैसे पाठवण्याची मुभा देणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली भारतीय रहिवाशाला तेथील शेअर घेता येतात. कोकणातील वाचकाला या सौद्याची जात ओळखीची वाटेल. मोहोर पाहून हापूसची बाग कराराने घेणारा व्यापारी अजून न धरलेल्या फळाचे पैसे मोजतो. मात्र त्याला झाडे डोळ्यांनी दिसतात आणि मागील हंगामांचे उत्पन्न विचारता येते. ज्युनियर कंपनीच्या शेअरधारकापुढे झाडही नसते.

निकेलचे सल्फाइडी, म्हणजे गंधकाशी संयोग झालेले, साठे अल्पसिकत व अत्यल्पसिकत (सिलिका कमी व फारच कमी असलेल्या) अग्निज खडकांत आढळतात. ते विजेचे सुवाहक असल्यामुळे विद्युत्‌चुंबकीय सर्वेक्षणात भूगर्भात एखादा वाहक पट्टा उमटतो, आणि सट्टा बहुधा तेथूनच सुरू होतो. पण ग्रॅफाइटयुक्त खडक किंवा निकेल नसलेली लोहाची सल्फाइडेही तसाच संकेत देतात. पुढे यंत्राने खडकाचा दंडगोल, म्हणजे गाभा, वर काढला जातो. त्यात काशाच्या रंगाचे चकाकणारे सल्फाइड दिसले की कंपनी तसे जाहीर करते आणि भाव चढतो. ही चकाकी बहुतांशी पायऱ्होटाइट या लोह-सल्फाइडाची असते. निकेल मुख्यतः त्यात मिसळलेल्या पेंटलँडाइटमध्ये असते आणि त्याचे प्रमाण नजरेने खात्रीपूर्वक सांगता येत नाही. प्रयोगशाळेचे पृथक्करण हाती येईपर्यंत काही आठवडे जातात. या आठवड्यांतच सट्ट्याचा खरा जोर असतो, कारण आशेला खोडून काढणारा आकडा तेव्हा कोणाकडेच नसतो.

आकडा आल्यावरही तो वाचावा कसा हे बहुतेकांना कोणी सांगत नाही. दोन टक्के निकेल म्हणजे टनामागे 20 किलो. हे प्रमाण एका मीटरभर लागले की वीस मीटर, जमिनीखाली 60 मीटरवर की 600 मीटरवर, यावर सारा अर्थ ठरतो. शिवाय छिद्रातील लांबी ही थराची खरी जाडी नव्हे. केळे तिरके कापले की चकती लांबट दिसते, त्याप्रमाणे थराला तिरके छेदणाऱ्या छिद्रात पातळ थरही लांबलचक भासतो. एका बोअरला पाणी लागले म्हणून वाडीचा पाणीप्रश्न मिटत नाही, हे कातळावर राहणाऱ्याला शिकवावे लागत नाही; धातूच्या बाबतीतही शेजारची दहा-वीस छिद्रे तोच थर दाखवीपर्यंत साठा सिद्ध होत नाही. दरम्यान कंपनीला उत्पन्न नसल्याने ती चांगल्या बातमीनंतर नवे शेअर विकून पैसा उभारते आणि जुन्या धारकाचा वाटा घटतो.

या सट्ट्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण ऑस्ट्रेलियातील पोसायडन कंपनीचे होय. व्हिएतनाम युद्ध आणि कॅनडातील इंको कंपनीतील संप यांमुळे 1969 मध्ये निकेलची टंचाई होती. त्या सप्टेंबरात पश्चिम ऑस्ट्रेलियातील विंडारा येथे कंपनीला निकेल लागल्याची बातमी पसरली आणि सुमारे 80 सेंटांचा शेअर फेब्रुवारी 1970 मध्ये 280 डॉलरांपर्यंत पोहोचून कोसळला. निकेल खरोखरच होते. पण त्याची प्रत अपेक्षेहून कमी निघाली, खाण उभी राहण्यास वर्षे लागली आणि 1976 मध्ये शेअर बाजाराच्या यादीतून गेला. या अनुभवातून साठ्यांच्या जाहीर माहितीसाठी नियम आखण्याची जी हालचाल सुरू झाली, तिचे फलित म्हणजे ऑस्ट्रेलियातील 1989 ची जॉर्क संहिता ही नियमावली. उलट बाजूही सांगितली पाहिजे : सिरियस रिसोर्सेस या कंपनीला 2012 मध्ये नोव्हा येथे साठा लागला, काही सेंटांचा शेअर वर्षभरात पाच डॉलरांच्या घरात गेला आणि तेथे खाणही झाली. अशी मोजकी उदाहरणेच दर वेळी नव्या खरेदीदाराला ओढून आणतात.

जमिनीखालचा अंदाज बरोबर ठरला तरी धातूचा भाव वेगळ्याच कारणांनी हलतो. मार्च 2022 मध्ये लंडनच्या धातुबाजारात निकेल थोडा काळ टनाला एक लाख डॉलरांवर गेले आणि त्या दिवसाचे सौदे रद्द करावे लागले. पुढे इंडोनेशियातील लॅटेराइट या कुजलेल्या खडकापासूनच्या प्रचंड उत्पादनामुळे भाव इतका उतरला की ऑस्ट्रेलियातील प्रस्थापित खाणीही बंद पडल्या.

लॅटेराइट म्हणजेच कोकणातला जांभा; त्यामुळे चिरेखाणीतही निकेल असेल, असा समज होणे शक्य आहे. तो चुकीचा आहे. निकेलयुक्त लॅटेराइट अत्यल्पसिकत खडक कुजून बनतो, तर रत्नागिरीकडील जांभा मुख्यतः दख्खनच्या बेसाल्टापासून बनलेला आहे. दक्षिणेस कणकवली परिसरात क्रोमाइट हे क्रोमियमचे खनिज असलेले अत्यल्पसिकत खडक आहेत, आणि ओडिशात सुकिंदा येथे अशाच क्रोमाइटी खडकांवरील लॅटेराइटात निकेल आढळते. परंतु एवढ्या साधर्म्यावरून कणकवलीच्या जमिनीला भाव लावणे हाही मोहोरावरचाच सौदा ठरेल. भारतात खाण व खनिज कायद्याच्या 2023 च्या दुरुस्तीने निकेलसह 29 खनिजांसाठी स्वतंत्र समन्वेषण परवाना आणला असून तो लिलावाने दिला जातो.