सरकी भरण्याच्या दिवसांत पोटॅश कुठे कमी पडतं?

कपाशीची चर्चा रुईच्या लांबीवर होते, पण वेचलेल्या कापसाच्या वजनात जवळपास दोन तृतीयांश वाटा सरकीचा असतो. इंदूरच्या बाजारात कपास्या खळीचा (सरकीच्या पेंडीचा) आणि सरकीच्या तेलाचा भाव निघतो तो याच सरकीच्या जोरावर. ती भरते की पोचट राहते, हे बऱ्याच अंशी पोटॅशियमवर, म्हणजे पोटॅश खतातून मिळणाऱ्या अन्नद्रव्यावर, ठरतं.

फूल उमलल्यावर पहिले 20 ते 25 दिवस सरकीच्या सालीवरची एकेक पेशी लांबत जाऊन तंतू बनते. तंतूत पोटॅशियम साठतं, त्याच्या ओढीने पाणी आत शिरतं आणि त्या दाबाने तंतू ताणला जातो. पुढच्या तीन-चार आठवड्यांत सरकीच्या आतली बीजदलं तेल आणि प्रथिनांनी भरतात. त्यासाठी पानांत तयार झालेली साखर बोंडापर्यंत पोचावी लागते, आणि ही वाहतूक पोटॅशियमशिवाय नीट चालत नाही. ते कमी पडलं की साखर पानातच अडकते. मग सरकी हलकी राहते, तेल घटतं, उगवण कमजोर होते. इजिप्तमधल्या प्रयोगांत पोटॅश मिळालेल्या कपाशीत सरकीचं वजन, तेल आणि रोपांचा जोम वाढलेला दिसला आहे.

मध्य प्रदेशातल्या निमाडच्या काळ्या जमिनीच्या माती अहवालात पोटॅश बहुधा ‘भरपूर’ येतं, म्हणजे हेक्टरी 280 किलोच्या वर. इथेच फसगत होते. चिकणमातीच्या थरांत धरलेलं पोटॅशियम हळूहळू सुटतं. पाऊस ओढला, माती सुकली की मुळांपर्यंतचा त्याचा प्रवास आणखी मंदावतो. नेमकी तेव्हाच झाडावर बोंडं लगडलेली असतात आणि मागणी सर्वाधिक असते. त्यामुळे जुन्या पानांआधी शेंड्याकडची पानं कडेने पिवळी, मग गंजासारखी तपकिरी होऊन वळतात, अवेळी गळतात आणि बोंडं अर्धवट उमलतात. पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग लालसर असेल, तर आधी मॅग्नेशियमचा संशय घ्यावा. अशा वेळी पोटॅश वाढवलं तर मॅग्नेशियमचं शोषण आणखी दबतं.

हेक्टरी 40 किलो पोटॅशची शिफारस असेल, तर 60 टक्क्यांचं म्युरेट ऑफ पोटॅश सुमारे 67 किलो लागतं, एकरी 27 किलो. हलक्या जमिनीत अर्धं पेरणीला आणि अर्धं पाती (फुलकळ्या) लागताना, ओल असताना, ओळीपासून थोडं दूर देऊन मातीत मिसळावं. बियाला चिकटून पडलेलं खत क्षारामुळे कोंब जाळतं.

फुलोऱ्यात आणि बोंडं भरताना 13-0-45 (पोटॅशियम नायट्रेट) ची 1 ते 2 टक्क्यांची फवारणी उपयोगी पडते: 15 लिटरच्या पंपाला 150 ते 300 ग्रॅम, तीही सकाळी किंवा ऊन उतरल्यावर. पण हिशेब करून पाहा. एकरी 200 लिटर पाण्यात 2 टक्क्यांनी 4 किलो खत जातं आणि त्यातून पोटॅश मिळतं फक्त 1.8 किलो. ऐन गरजेच्या आठवड्यात हा आधार मोलाचा आहे, तरी जमिनीतली तूट त्याने भरत नाही.

रुईबरोबर पोटॅश फार थोडं शेताबाहेर जातं. बरंचसं पानांत, पऱ्हाटीत (वाळलेल्या काड्यांत) आणि बोंडाच्या टरफलांत असतं. म्हणून पऱ्हाटी वाहून नेणं हे मोठं नुकसान आहे. इंदूरला 1924 मध्ये सुरू झालेल्या वनस्पती संशोधन संस्थेत ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी कंपोस्टची जी पद्धत बसवली, तिच्यात कपाशीच्या कडक काड्या रस्त्यावर पसरून बैलगाड्यांच्या चाकांखाली चुरायच्या आणि ढिगात लाकडाची राखही घालायची. आज श्रेडरने (काड्यांचे तुकडे करणाऱ्या यंत्राने) तेच काम सोपं झालं आहे.

आपल्या शेतात फरक पडतो का, हे बघायला सहा ओळी पोटॅशविना सोडा, बाकी सगळं सारखं ठेवा. झाडाच्या मधल्या फांद्यांवरची बोंडं दोन्हीकडून वेचून सरकी वेगळी करा, वाळवा आणि प्रत्येकी 100 दाणे मोजून काट्यावर ठेवा. एकदा मोजून थांबू नका, चार-पाच नमुने घ्या. शेंड्याची बोंडं मिसळू नका, कारण ती मुळातच हलकी भरतात.