छोटी दुरुस्ती भाडेकरूची, मोठी मालकाची?

हे वाक्य इतकी वर्षं फिरतंय की अनेकांना तो नियमच वाटतो. करारात तसं स्पष्ट लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी. एरवी खर्च किती यापेक्षा बिघाड कशामुळे झाला, हे महत्त्वाचं. नळाचा वायसर झिजला तर काम किरकोळ, पण ती नेहमीच्या वापराची झीज. त्यात राहणाऱ्याचा दोष नाही. उलट सिंकमध्ये खरकटं ओतून पाइप तुंबवला, तर बिल कितीही मोठं येवो, ते त्याचंच.

खरी भांडणं होतात ओलीवरून. मालक म्हणतो, खिडक्या उघडत नाही, कपडे आत वाळत घालता. भाडेकरू म्हणतो, भिंतच पाझरते. (कधी कधी दोघंही खरं बोलत असतात!) खरं काय ते तपासायला ओलसर भाग पुसून कोरडा करा, त्यावर फॉइलचा तुकडा चारही कडांनी घट्ट चिकटवा आणि एक-दोन दिवस थांबा. थेंब खोलीकडच्या बाजूला आले तर ती घरातलीच वाफ. भिंतीकडच्या बाजूला आले तर पाणी भिंतीतून येतंय. मग प्लंबर बोलवायचा तो मालकानं. वाफ असेल तर हवा खेळती ठेवणं राहणाऱ्याकडे, पण खिडकीच जाम असेल तर ती पुन्हा मालकाकडे.

भाडेकरू एक चूक हमखास करतात: कळवतच नाहीत. महिनाभर गळती बघत बसलात आणि खालचं कपाट कुजलं, तर त्या नुकसानीचा वाटा तुमच्यावर येऊ शकतो. फोटो काढा, तारखेसकट मेसेज टाका, त्याच दिवशी.