पार्श्वभूमी: महादेवीच्या पायांचं दुखणं

जुलै २०२५ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणीच्या जैन मठाची महादेवी हत्तीण जामनगरच्या ‘वनतारा’त, म्हणजे जिओवाल्या रिलायन्सच्या प्राणी-केंद्रात, हलवली गेली, तेव्हा तिला निरोप द्यायला अख्खा शिरोळ तालुका लोटला होता. माणसं ढसाढसा रडली, आणि ते रडणं खरं होतं. पण न्यायालयापुढच्या अहवालांत तिच्या तब्येतीबद्दल जे लिहिलं होतं, तेही खरंच होतं: वाढलेली नखं, पायकूज, कुल्ल्यांवरच्या जखमा.

महादेवी मठात आली १९९२ मध्ये, अगदी पोरवयात. या भागातल्या जैन मठांत हत्ती पाळायची रीत जुनी आहे आणि पंचकल्याणकाच्या, म्हणजे जैन मूर्तिप्रतिष्ठेच्या सोहळ्याच्या, मिरवणुकीत हत्तीला मोठा मान. त्या मानात कमतरता कधीच नव्हती. कमी पडली ती जमीन.

हत्ती बोटांवर चालतो. टाचेखाली चरबीची जाड गादी असते, तीन-चार टनांचा भार ती झेलते. नखं आणि तळवा आयुष्यभर वाढत राहतात. रानात मैलोन् मैल चालून ते आपोआप झिजतात. साखळीला बांधलेला हत्ती मात्र एकाच फरशीवर, स्वतःच्याच मलमूत्राच्या ओलीत तासन् तास उभा राहतो. तळवा मऊ पडून चिरतो, चिरेत घाण शिरते, पू होतो आणि संसर्ग हाडापर्यंत पोचतो. सांधे आखडले की त्याला आडवं होणंही नको वाटतं. मग तो जागच्या जागी डोलत राहतो. बघणाऱ्यांना वाटतं, हत्ती खुशीत आहे!

कोल्हापूरला हे नवं नव्हतं. जोतिबा देवस्थानाच्या ‘सुंदर’ नावाच्या हत्तीला साखळदंडाने झालेल्या जखमांवरून असाच वाद पेटला होता आणि उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०१४ मध्ये त्याला बंगळूरजवळच्या बन्नेरघट्टाला नेण्यात आलं. पुढे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माजी न्यायमूर्ती दीपक वर्मा यांच्या, बंदिवान हत्तींची प्रकरणं बघणाऱ्या उच्चाधिकार समितीचं कार्यक्षेत्र देशभर वाढवलं. महादेवीला हलवण्याचा आदेश याच समितीचा. १६ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आणि २८ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला.

पायकुजीवर एका इंजेक्शनात उतारा पडत नाही. पाय कोमट औषधी पाण्यात बुडवायचा, सडलेला भाग चाकूने थोडा थोडा तासायचा, कानशीने नख घासायचं, एक्स-रे काढून हाड तपासायचं. पुन्हा काही दिवसांनी तेच. महिनोन् महिने चालणारं काम आहे हे. शिवाय जनावराने आपणहून पाय पुढे करायला हवा, म्हणजे डॉक्टरइतकाच भरवशाचा माहूतही हवा. पाण्यात उतरवलं की सांध्यांवरचा भार हलका होतो. वाळूच्या ढिगाला टेकून दुखरा हत्ती निवांत झोपू शकतो. जुन्या जागी नुसती औषधं पाठवून भागलं नसतं ते यामुळेच, असं माझं ठाम मत आहे.

लोकांचा रोष वाढला, जिओच्या सिमकार्डांवर बहिष्कार पडला. ऑगस्टमध्ये ‘वनतारा’ने नांदणी परिसरातच पुनर्वसन केंद्र उभारायची तयारी दाखवली. त्या प्रस्तावात जलोपचाराचा तलाव आहे, पोहण्यासाठी वेगळा मोठा हौद आहे, रबरी जमीन आहे, वाळूचे मऊ ढीग आहेत; आणि साखळीविना मोकळं फिरण्याची जागा आहे.