हौशी रेडिओ टॉवरचे अर्थिंग (सोलापूर)

घराच्या आवारात किंवा गच्चीवर उभारलेला हॅम (हौशी) रेडिओचा टॉवर, त्याच्या केबली, खोलीतले संच आणि घराची वीजजोडणी हे सगळे एकमेकांना धातूने जोडून जमिनीत उतरवण्याची व्यवस्था. भारतात अर्थिंगसाठी आयएस ३०४३ आणि आकाशातल्या विजेपासून संरक्षणासाठी आयएस/आयईसी ६२३०५ ही मानके वापरतात. सोलापुरात ती लागू करताना आधी मातीकडे पाहावे लागते. वळवाचा कडकडाट एप्रिल-मे महिन्यांत सुरू होतो, आणि नेमकी तेव्हाच इथली जमीन वर्षातली सर्वांत कोरडी असते.

ओहमचा आकडा आणि त्याची मर्यादा

अर्थिंग म्हटले की पहिला प्रश्न येतो, ‘किती ओहम आले?’ १० ओहमच्या आत रोध (जमिनीत जाणाऱ्या प्रवाहाला होणारा विरोध) असावा हा मानकातला सर्वसाधारण संकेत आहे. पण ३० हजार अँपिअरचा झटका १० ओहममधून गेला, तर टॉवरचा पाया क्षणभर ३ लाख व्होल्टवर चढतो. एक ओहम मिळवला तरी ३० हजार व्होल्ट उरतातच. म्हणजे कमी रोध हवा हे खरे असले, तरी संच वाचतो तो सगळे धातू एकदम, सारख्याच व्होल्टेजवर चढल्यामुळे.

म्हणूनच रेडिओसाठी ‘वेगळे, स्वच्छ’ अर्थिंग करून ते घराच्या अर्थिंगपासून तोडून ठेवणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. टॉवरच्या अर्थिंगचा खड्डा एका कोपऱ्यात, मीटरचा खड्डा दुसऱ्या कोपऱ्यात, आणि त्यांना जोडणारा एकमेव रस्ता म्हणजे अँटेनाची कोअॅक्स केबल, संच, पॉवर सप्लाय आणि भिंतीतली तिसरी पिन. विजेचा प्रवाह मग त्याच रस्त्याने जातो. दोन्ही खड्डे जमिनीतून किमान १६ चौरस मिलिमीटर तांब्याने किंवा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या) पट्टीने जोडलेच पाहिजेत.

काळी माती, मुरूम आणि खडक

सोलापूर दख्खनच्या बेसाल्टवर वसले आहे. ओढ्याकाठी माणूसभर काळी माती सापडते, तर उंचवट्यावर हातभर खोदले की मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. एकाच कॉलनीत दोन्ही आढळते, त्यामुळे शेजाऱ्याचा आकडा आपल्या कामाचा नाही.

ओली काळी माती उत्तम वाहक असते. तिचा विशिष्ट रोध (मातीचा स्वतःचा, आकारावर न ठरणारा रोध) १० ओहम-मीटर धरला, तर १६ मिलिमीटर जाडीची ३ मीटर सळई एकटीच साधारण साडेतीन ओहम देते. मुरमाचा १०० धरला, तर तीच सळई ३३ ओहमच्या पुढे जाते. काळ्या मातीची अडचण वेगळी आहे. उन्हाळ्यात ती आकसते, भेगा पडतात आणि सळईभोवती पोकळी तयार होते. वरच्या मीटरभर भागात धातूला माती टेकतच नाही. त्यामुळे जुलैत ४ ओहम दाखवणारा खड्डा मे महिन्यात त्याच्या कितीतरी पट रोध दाखवू शकतो.

यावर बेंटोनाइट (पाणी धरून ठेवणारी चिकणमाती) भरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. सोलापुरात तो तितकासा उपयोगी नाही, कारण बेंटोनाइटही काळ्या मातीसारख्याच फुगणाऱ्या-आकसणाऱ्या खनिजाचा असतो आणि वाळला की तसाच तडकतो. कार्बन आणि सिमेंट मिसळलेले, घट्ट बसणारे वाहक मिश्रण इथे अधिक टिकते. १०० मिलिमीटर व्यासाचे भोक पाडून मधोमध सळई उभी करायची आणि भोवताली हे मिश्रण ओतायचे. मीठ-कोळशाचा जुना खड्डा पहिली काही वर्षे चांगला आकडा देतो. पुढे मीठ पावसाबरोबर झिरपून जाते, आणि जाण्याआधी जीआय पाइप खाऊन टाकते.

मुरमावर सळई ठोकत बसण्यात अर्थ नाही. वरचे टोक चेपते, खालचे वाकते. तिथे आडवी पट्टी बरी. ५० सेंटिमीटर खोल पुरलेली १५ मीटर लांब, २५ मिलिमीटर रुंद पट्टी त्याच १०० ओहम-मीटर मुरमात सुमारे ११ ओहम देते, म्हणजे सळईच्या एक तृतीयांश. प्लॉट लहान असेल तर पट्टी कंपाउंडच्या भिंतीलगत वळवून न्यावी. एका लांब पट्टीपेक्षा टॉवरपासून तीन दिशांना फुटलेल्या तीन आखूड पट्ट्या विजेच्या झटक्यासाठी अधिक चांगल्या. झटका इतका वेगवान असतो की फार लांबच्या टोकाचा त्याला फायदाच मिळत नाही. सळया वापरल्याच तर दोन सळयांत त्यांच्या लांबीच्या दुप्पट अंतर ठेवावे. तीन सळयांनी रोध एक तृतीयांश होत नाही, ४० टक्क्यांच्या आसपास येतो.

बोअरला लोखंडी केसिंग असेल, तर तोही एक पुरलेला धातूच आहे. टॉवरजवळ असल्यास तो अर्थिंगच्या पट्ट्या-सळयांच्या जाळ्याला जोडावा. जोडला नाही तर विजेची उडी सबमर्सिबल मोटरवर पडण्याची शक्यता वाढते.

टॉवरचा पाया आणि जोड

काळ्या मातीत पाया मुरमापर्यंत नेणे भाग असते, नाहीतर माती फुगून टॉवर कलतो. पायातल्या सळया एकमेकींना आणि टॉवर पायाशी धरून ठेवणाऱ्या होल्डिंग बोल्टला वेल्ड केल्या, तर तो काँक्रीटचा ठोकळाही अर्थिंगचे काम करतो. हे काँक्रीट ओतण्याआधीच सांगावे लागते. गवंडी तारेने बांधून मोकळा होतो.

टॉवरचे तिन्ही पाय वेगवेगळ्या पट्टीने खाली न्यावेत. जाड गोल तारेपेक्षा रुंद पट्टी घ्यावी. तारेचे प्रेरकत्व (झपाट्याने बदलणाऱ्या प्रवाहाला होणारा विरोध) मीटरला साधारण १ मायक्रोहेन्री असते. प्रवाह मायक्रोसेकंदाला १० हजार अँपिअरने चढला, तर प्रत्येक मीटरवर १० हजार व्होल्ट पडतात. म्हणून पट्टी सरळ आणि आखूड ठेवावी आणि वळण २० सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा तीव्र करू नये. काटकोनात ठोकून वाकवलेली पट्टी दिसायला नीटनेटकी असते, पण वीज ते वळण सोडून भिंतीत शिरू शकते.

तांबे आणि जस्त थेट जोडू नयेत. जीआय टॉवरवर उघडी तांब्याची तार आवळली की ओल्या हवेत जस्त झिजते. जमिनीखाली तर ही झीज दिसतही नाही. टॉवर जीआय असेल तर पट्टी आणि सळयाही जीआय ठेवणे हा स्वस्त आणि सरळ उपाय. तांबे वापरायचेच असेल तर कथिलाचा मुलामा दिलेले घ्यावे, मध्ये स्टेनलेसचा वॉशर घालावा. जमिनीखालचे जोड वेल्ड करून त्यांना डांबर लावावे. पट्टी मातीतून बाहेर येते तिथे वर-खाली ३० सेंटिमीटर डांबर हवेच, कारण गंज तिथूनच सुरू होतो. फुगणाऱ्या मातीत पट्टीला थोडी ढील द्यावी. ताणून बसवलेले जोड पावसाळ्यात सुटतात.

टॉवरला ताणाच्या तारा असतील, तर त्या जमिनीत रोवतात तिथल्या प्रत्येक अँकरला स्वतःची सळई द्यावी. गच्चीवरच्या टॉवरला दोन विरुद्ध बाजूंनी दोन पट्ट्या खाली सोडाव्यात. पाण्याच्या टाकीच्या पाइपाला टॉवर बांधून ‘अर्थ झाला’ समजणे चूक आहे. पाइप आता बहुधा प्लास्टिकचेच असतात.

केबलचा घरात प्रवेश

कोअॅक्सचे बाहेरचे आवरण टॉवरच्या माथ्यावर आणि पायथ्याशी, अशा दोन्ही ठिकाणी टॉवरला जोडावे. केबल माथ्यावरून थेट खिडकीत आणली, तर झटकाही तसाच खोलीत येतो. ती टॉवरच्या पायथ्यापर्यंत उतरवून मगच घराकडे वळवावी. भिंतीबाहेर ३ मिलिमीटर जाडीची तांब्याची पाटी बसवून सर्व कोअॅक्सचे गॅस ट्यूबवाले अरेस्टर (झटका जमिनीकडे वळवणारे संरक्षक) आणि रोटेटरच्या (अँटेना फिरवणाऱ्या मोटरच्या) तारांची संरक्षक पेटी त्यावरच लावावी. खोलीतले संच आणि घराचे अर्थिंगही याच पाटीशी येऊन मिळावे. रोटेटरची तार हमखास विसरली जाते. मेन डीबीमध्ये (घराच्या मुख्य वीजपेटीत) सर्ज प्रोटेक्टर असावा आणि त्याच्या दोन्ही तारा मिळून अर्ध्या मीटरच्या आत असाव्यात. लांब तारांचा प्रोटेक्टर असून नसल्यासारखा.

ढग जमल्यावर केबल काढून ठेवायची असेल तर ती पाटीपाशी, घराबाहेर काढावी. खोलीत टेबलामागे लोंबती सोडलेली केबल जोडलेल्या केबलइतकीच धोक्याची असते.

मोजणी

रोध मोजायला तीन खुंट्यांची पद्धत वापरावी; मोजायचे अर्थिंग ही पहिली खुंटी. दूरची खुंटी टॉवरच्या जाळ्यापासून जाळ्याच्या रुंदीच्या कितीतरी पट लांब आणि मधली त्या अंतराच्या ६२ टक्क्यांवर. मधली खुंटी थोडी मागे-पुढे सरकवूनही आकडा तोच राहिला, तर तो खरा. तारेभोवती अडकवायचा क्लॅम्प मीटर एकट्या, कशालाच न जोडलेल्या सळईवर उपयोगाचा नाही, कारण त्याला प्रवाह परत यायला वाट लागते. उलट बंद जाळ्यावर तो जमिनीचा नव्हे तर तारेच्याच फेऱ्याचा रोध दाखवतो. मग ०.३ ओहम पाहून खूश होण्यात अर्थ नाही.

मोजणी उन्हाळ्यात, पहिल्या वळवाआधी करावी. तेव्हाच बोल्ट आवळावेत आणि अरेस्टरच्या गॅस ट्यूब तपासाव्यात. पाणी जपून वापरावे लागणाऱ्या शहरात खड्ड्यात बादल्या ओतणे कुणालाच परवडत नाही. पण एसीचे ठिबकणारे पाणी आणि आरओचे टाकाऊ पाणी पाइपने खड्ड्याकडे वळवता येते. ते मार्चपासूनच सुरू करावे, कारण एकदा भेगा पडल्या की वरून ओतलेले पाणी सळईला ओल न देता भेगेतूनच खाली निघून जाते.